१०५ चमचे

आषाढात आमच्या डिचोलीत काही वाळत नाही. त्यात बायची लाळ गळायला लागलेली. दिवसाला नऊ-दहा लाळेरी लागत. सोप्यावर या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधून त्यांची रांग लावायची, आणि संध्याकाळी ओलसरच काढून इस्त्रीखाली वाळवायची. हनुवटीखाली, मानेच्या वळीत, छातीवर लालसर पुरळ. सातवा महिना नुकताच लागला होता. मूठ तोंडात, माझी बोटं तोंडात, चादरीचं टोक तोंडात. रात्री दोनला उठायची आणि कुणीतरी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखी रडायची.

बाय म्हणजे माझी मुलगी. तिचं नाव वेगळं आहे, पण इथे घरातल्या लहान मुलीला बायच म्हणतात. मी सावंतवाडीची, लग्न होऊन इथे आले. सासूबाईंना सगळे मांय म्हणतात, म्हणून मीही मांयच म्हणते. त्या माझ्याशी कोंकणीत बोलतात, मी त्यांच्याशी मराठीत. सहा वर्षांत कुणाचंच अडलेलं नाही.

मांयनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं. तर्जनी धुऊन बायच्या खालच्या हिरडीवर फिरवली आणि म्हणाल्या, "दांत येतात गो तिका." मीही फिरवून पाहिली. समोर मधोमध हिरडी फुगलेली, आतून काहीतरी कडक वर रेटत असल्यासारखी. निदान बरोबर होतं. पुढे जे झालं त्यात हे लक्षात ठेवायला हवं, की मांय चुकीचं काही सांगत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला तशा त्या छत्री घेऊन पायरीवर गेल्या आणि पोळ्यांबरोबर (पोळी हाही इथला एक पावच) दोन काकणं घेऊन आल्या. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव, खणखणीत कडक भाजलेला. चहात बुडवल्याशिवाय मोठ्या माणसालाही चावत नाही. "म्हज्या तिगांय भुरग्यांनी हाचेरच दांत काडले," मांय म्हणाल्या, माझ्या तिन्ही मुलांनी याच्यावरच दात काढले, आणि एक काकण बायच्या हातात दिलं.

ते तिच्या मुठीत असं बसलं, की जणू तिच्याच मापाने भाजलं होतं. दोन्ही हातांनी धरून तिने ते हिरडीवर दाबलं आणि डोळे मिटून घासायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली. मी समोर बसून बघत होते म्हणून दिसलं: लाळेने काकणाची कडा आधी काळपट झाली, मग मऊ झाली, आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा सुटून तिच्या जिभेवर आला. मी बोट घालून तो काढला. घशापर्यंत गेला नव्हता. पण त्यानंतर काकण मी दिलं नाही. मांयना वाईट वाटलं, त्या बोलल्या नाहीत. ती दोन काकणं त्यांनी स्वतः चहात बुडवून खाल्ली.

जुलाब सुरू झाले त्याच आठवड्यात.

पहिल्या दिवशी चार वेळा, पातळ. अंग जरा कोमट. मांय म्हणाल्या, दातांचे आहेत. आईला सावंतवाडीला फोन केला, तीही म्हणाली, दातांच्या वेळी पोट बिघडतंच, तुझंही बिघडलं होतं. शेजारची वहिनी म्हणाली. औषधांच्या दुकानात ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायची मीठ-साखरेची पूड, आणायला नवरा गेला, तिथेही तेच ऐकून, ओआरएसऐवजी दात येण्याच्या पांढऱ्या गोळ्या घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी सात वेळा. आता कुणी विचारलं तर मीच सांगत होते, "दात येतायत ना, म्हणून." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की जीव थोडा शांत व्हायचा. कारण सापडलेलं असायचं, त्यामुळे पुढे काही शोधायचं उरत नसे.

तिसऱ्या रात्री नवरा वेर्ण्याला रात्रपाळीला होता. बाय मांडीवर पडून होती, रडत होती, पण तिचं रडणं कोरडं होतं. डोळ्यांत पाणी नाही. संध्याकाळी सहाला बांधलेली लंगोट रात्री साडेबारालाही कोरडी. मांयनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, तसाच ठेवून राहिल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, टाळू खोल गेलीय. मग त्यांनीच उठून शेजारच्यांचं दार वाजवलं.

सरकारी इस्पितळात त्या रात्री ज्या सिस्टर होत्या, त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. त्यांनी बायच्या पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि सोडली. निरोगी बाळाची कातडी लगेच जागेवर बसते. बायची घडी तशीच राहिली आणि सावकाश विरली. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "चमचा लावल्यावर पितेय, तहान आहे. मग तोंडाने देऊ या." वजन केलं, बरोबर ७ किलो. किलोला ७५ मिलीलिटर, म्हणजे ५२५ मिलीलिटर, ते ४ तासांत द्यायचं. त्यांनी १ लिटर पाण्यात ओआरएसचं पाकीट विरघळवलं, एक स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा माझ्या हातात दिला. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू, जरा हळू. मध्ये अंगावर पाजायचंच.

चमच्यात ५ मिलीलिटर मावतं. १०५ चमचे. मी मोजले, कारण मोजण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. वाटीत चमचा बुडवायचा, तळ वाटीच्या काठाला पुसायचा, खालच्या ओठावर टेकवायचा, तिने ओढून घेईपर्यंत तिरका धरायचा. बाहेर पत्र्यावर पाऊस. मांय बाकावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. विसाव्या चमच्याला तिने उलटी केली. थांबलो, पुन्हा सुरुवात केली. चाळिसाव्याच्या सुमारास तिने पहिल्यांदा चमच्याकडे स्वतःहून तोंड नेलं.

त्रेसष्टाव्या चमच्याला आवाज आला. टिक्.

अगदी बारीक, स्टीलवर नख लागावं तसा. मांय झटकन उठल्या. मी पुन्हा चमचा टेकवला, पुन्हा टिक्. खालच्या हिरडीत, मधोमध, जरा डावीकडे. आमच्याकडे वाटी-चमच्याचा हा आवाज ऐकायला घर जमतं, कुणाला आधी ऐकू आला यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. आम्ही तो पहाटे तीनला इस्पितळात ऐकला. मांयनी पदर तोंडावर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

बायने पहाटे पाचच्या आधी मांडीवर शू केली. माझा परकर भिजला, आणि आयुष्यात कुठल्याही गोष्टीचा मला इतका आनंद झालेला नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना म्हटलं, दात आला, म्हणजे जुलाब त्याचेच होते ना? त्या खुर्ची ओढून बसल्या, घाई केली नाही. "दात आलाय हे खरं. जुलाबही खरे. पण दातामुळे जुलाब झाले, हे खरं नाही." मग त्यांनी समजावलं. आईकडून पोटात मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरत येतात. त्याच सुमाराला बाळ पालथं पडतं, सरकतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याच सुमाराला वरचं अन्न सुरू होतं, नवं पाणी, नवी वाटी, नवे हात. आणि नेमके त्याच सुमाराला दात येतात. सगळ्या गोष्टी एकाच महिन्यात एकाच बाळाला होतात, आणि दोष दाताला लागतो, कारण तो एकटाच डोळ्यांना दिसतो.

घरी आल्यावर जिंकच्या गोळ्या १४ दिवस दिल्या, दिवसाला २० मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी. आणि रात्री बाय छातीवर झोपलेली असताना मी वाचायला लागले. वाचण्यामागे राग होता. माणसांवर नव्हता. मांय, आई, वहिनी, यांच्यापैकी कुणीही बायचं वाईट चिंतलं नव्हतं. राग त्या तीन शब्दांवर होता: दात येतायत ना.

ते शब्द फार जुने निघाले. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे दाताला वाट मिळावी म्हणून बाळाची हिरडी चिरायला सांगत असे, आणि ही चिरफाड युरोपात पुढे तीनशे वर्षं चालली. इंग्लंडच्या रजिस्ट्रार जनरलच्या १८४२ सालच्या अहवालात लंडनमध्ये वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांपैकी ४.८ टक्के, आणि १ ते ३ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मृत्यूंसमोर कारण लिहिलंय: दात येणे. ती मुलं जुलाबाने, तापाने, आकडीने गेली असणार. (याच १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली, आजच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची ती पूर्वज. तिथल्या जुन्या नोंदवह्यांत कधी हाच शब्द लिहिला गेला असेल का, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.) मग आल्या दात येण्याच्या पुड्या. त्यांत कॅलोमेल असे, म्हणजे पारा. हातपाय गुलाबी होऊन सोलणारी, उजेड सहन न होणारी, सतत कण्हणारी मुलं डॉक्टर वर्षानुवर्षं बघत राहिले. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये पुड्यांतून पारा काढला आणि तो आजारच जवळजवळ नाहीसा झाला. दात मात्र तेव्हाही येतच होते.

आपण त्यातून बाहेर पडलोय असं वाटत असेल तर आपापल्या फडताळात बघावं. माझ्या आईने फोनवर टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळायला सांगितलं होतं. तिच्या आईने तिला सांगितलेलं, तिने मला लावलेलं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या अंगात साठला तर आकडी येऊ शकते. आणि मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही, कारण त्यात कधी कधी असे जिवाणूबीज असतात, की ते तान्ह्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. आईला हे सांगताना माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "मग तुला मी काय मारायला लावत होते का गं?" मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, नीट सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

घरात तोंड आल्यावर लावायची जेल होती. तीही हिरडीला लावा, असं कुणी ना कुणी सांगतंच. या जेलांपैकी कितीतरींत सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००९ पासून १६ वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात ते नको म्हटलंय. काहींत बधिर करणारं बेंझोकेन असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये २ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर इशारा दिला, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद धोक्याची पातळी गाठेपर्यंत घसरू शकते. शिवाय लाळ इतकी गळत असते, की जेल हिरडीवर टिकते किती? मिनिटभर. बाकीची गिळली जाते. त्याच प्रशासनाने त्याच वर्षी दात येण्याच्या वेळच्या मण्यांच्या माळांवरही इशारा दिला, झोपेत गळफास बसून मूल दगावल्यानंतर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तसली माळ मी हातात घेऊन पाहिली होती. दिसायला फार सुंदर होती.

मग करायचं काय? मला उपयोगी पडलं ते इतकं साधं आहे, की लिहायला संकोच वाटतो. स्वच्छ धुतलेलं बोट. मलमलीचा धुवट तुकडा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेला. बर्फाच्या कप्प्यात नाही, दगडासारखं गार काही लावलं तर हिरडी दुखावते. त्याचं टोक मी बोटाला गुंडाळायची आणि ती चावायची. लाळ घासून पुसायची नाही, टिपायची, आणि हनुवटीला रात्री व्हॅसलिनचा पातळ हात. फार विव्हळली त्या दोन रात्री डॉक्टरीणबाईंनी वजनावर काढून दिलेला पॅरासिटामॉलचा मोजका डोस. आणि खांदा. रात्री दोन ते चार सोप्यावर येरझाऱ्या, ओल्या लाळेऱ्यांच्या रांगेखालून. मांय उठून बसायच्या आणि म्हणायच्या, आता दे माझ्याकडे.

आणि बघणं. दात येताना बाळ चिडचिडं होतं, लाळ गाळतं, हिरड्या शिवशिवतात, अंग किंचित कोमट लागतं. पण काखेतला पारा ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, पाण्यासारखे जुलाब झाले, ओकाऱ्या झाल्या, दूध सोडलं, लंगोट सहा तास कोरडी राहिली, तर तो दात नाही. दात येत असला तरी तो दात नाही. हे मी आता ज्या-त्या बाळाच्या आईला सांगते, लग्नात भेटली तरी, बसमध्ये भेटली तरी.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र अशी सापडली, की राग बराचसा उतरला. दुधाच्या दातांचे अंकुर आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमाराला फुटतात, आणि चौथ्या महिन्यात ते कडक व्हायला लागतात. बाय डिसेंबरची. म्हणजे त्याच्या आदल्या पावसात, मला चौथा महिना असताना, याच सोप्यावर मी नाचण्याची आंबील पोटात ठरेना म्हणून रडत होते, तेव्हा हा दात तयार होत होता. वर येताना तो हिरडी फाडत नाही म्हणे. त्याच्यावरचं हाड आधीच विरघळत जातं, मांस पातळ होत जातं, वाट आपोआप उघडत जाते. हिरडी चिरणाऱ्या वैद्यांना हे ठाऊक नव्हतं.

चवथीपर्यंत खालचे दोन्ही पटाशीचे आले. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टने, मऊ ब्रशने, दोन वेळा घासायला सुरुवात केली. ती ब्रशच चावायची. वरचे दात आधी आले असते तर मामाला जड, असं आमच्याकडे म्हणतात, माझा भाऊ खालच्यांची बातमी ऐकून फोनवर खरंच सुस्कारा टाकता झाला. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली तिला घेऊन बसले तर तिने लोंबणाऱ्या सुपारीच्या घडाकडे हात केला आणि सगळ्यांना ते दोन पांढरे कण दिसले.

आता ती सोळा महिन्यांची आहे. वीसपैकी नऊ दात आले, दाढा सुरू झाल्यात. मागच्या आठवड्यात पुन्हा एका रात्री दोनला रडत उठली. मी दिवा लावला, टाळूवर हात ठेवला, पोट पाहिलं, कपाळ पाहिलं, लंगोट पाहिली, ती ओली होती. ताप नाही. फ्रिजमधली डबी काढली आणि मलमलीचं टोक बोटाला गुंडाळून तिच्या पुढच्या हिरडीवर नेलं. तिने मान हलवली. माझं बोट दोन्ही हातांनी धरलं, उजवीकडे, आत, पार मागे नेऊन ठेवलं, आणि म्हणाली, "हांगा."